संधिशोथातील शस्त्रक्रिया व प्रतिकारदमनी औषधे

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटून जो संधिशोथ उद्भवतो, व्यवहारात ज्यास आमवात म्हणतात, त्यात त्या शक्तीला आवर घालणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. आणि झिजलेल्या खुब्याच्या वा गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची पाळी आली, की हीच औषधे जखमेत जंतूंना वाट करून देतील काय, असा पेच पडतो. सगळी औषधे सरसकट बंद करावीत, हा जुना शिरस्ता सोयीचा खरा, पण निर्धोक नव्हे.

फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिसोन या रोगावर प्रथम वापरले. पुढे १९५२ मध्ये, ते शस्त्रक्रियेपूर्वी थांबविलेला एक तरुण रुग्ण खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच दगावल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. कॉर्टिसोनसारखे स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिल्याने अधिवृक्क ग्रंथी सुकतात, व ऐन ताणाच्या वेळी त्यांच्याकडून पुरेसा स्राव होत नाही. म्हणून नित्याची मात्रा कधीही तोडू नये. वाढीव मात्रा द्यावी की नाही, याबाबत मात्र भूलतज्ज्ञ व संधिवाततज्ज्ञ यांच्यात अद्याप मतैक्य नाही.

मेथोट्रेक्झेट या प्रतिकारदमनी औषधाविषयीची भीती तर उलटीच ठरली. इंग्लंडमधील ३८८ रुग्णांच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते चालू ठेवलेल्या ८८ जणांपैकी दोघांनाच जंतुसंसर्ग वा अन्य उपद्रव झाला. थांबविलेल्या ७२ जणांत अशांची संख्या ११ होती.

जैविक औषधांची गोष्ट निराळी. अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी २०१७ मध्ये आखून २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनानुसार, पुढील मात्रेची मुदत भरल्यावर ती न देता त्यानंतरच्या आठवड्यात शस्त्रक्रिया योजावी. म्हणजे पंधरवड्याने घ्यावयाच्या अ‍ॅडालिमुमॅबच्या बाबतीत तिसऱ्या आठवड्यात. टोफासिटिनिबच्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवितात. टाके निघून जखम कोरडी दिसू लागली, की सुमारे दोन आठवड्यांनी जैविक औषध पुन्हा सुरू होते.

औषधांखेरीज मानेकडेही पाहावे लागते: या रोगात मानेच्या वरच्या दोन मणक्यांतील जोड सैल झाला असल्यास भूल देताना मज्जारज्जूस इजा पोहोचू शकते, सबब मानेची क्ष-किरण तपासणी आधीच करून घ्यावी. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते व नजरचुकीने रोज दिले गेल्यास प्राणावर बेतते. त्यामुळे रुग्णाने भरती होताना औषधाचे नाव, मात्रा आणि घेण्याचा वार लिहिलेली चिठ्ठी स्वतःजवळ ठेवावी.