लेखणी उचललेली माणसे

न्यायाचा विषय निघाला की आमच्याकडे हजरत उमर (र.) यांच्या करड्या शिस्तीचे दाखले दिले जातात. त्यांच्याच खिलाफतीतली एक हकीगत मात्र आम्ही बयानांतून फारच कमी वेळा ऐकली.

'सुनन अबू दाऊद' या हदीससंग्रहात ती आहे. व्यभिचाराच्या आरोपावरून एका वेड्या बाईला हजरत उमर यांच्यापुढे आणले गेले. त्यांनी लोकांशी सल्लामसलत केली आणि संगसारीचा हुकूम दिला. तिला घेऊन लोक निघाले असता वाटेत हजरत अली (र.) भेटले. त्यांनी विचारपूस केली, तिला मागे फिरवायला लावले आणि स्वतः खलिफांकडे गेले. झोपलेला, अजाण मूल आणि वेडा या तिघांच्या कर्मांची नोंद करणारी लेखणी उचलून घेतलेली आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. हजरत उमर यांनी ते कबूल केले, बाईला सोडून दिले आणि ते तकबीर म्हणू लागले. आम्हाला ही तकबीर फार मोलाची वाटते. आपला हुकूम भर लोकांत फिरला याचे त्यांना वैषम्य नाही.

पुढे फकिहांनी या तत्त्वाची कसून चिकित्सा केली. गुन्हा करतेवेळीच माणूस मजनून असेल तर त्याच्यावर किसास नाही, यावर फारसा वाद झाला नाही. अवघड प्रश्न वेगळाच होता : शुद्धीत असताना खून केला, शिक्षा ठरली आणि नंतर वेड लागले तर? शाफई आणि हंबली मतानुसार वेडामुळे शिक्षा थांबत नाही. मालिकी म्हणतात, तो बरा होईपर्यंत थांबा. हनफी फकिहांनी मात्र निकालानंतर, पण वारसांच्या हवाली करण्यापूर्वी वेड लागले, तर जिवाऐवजी दियत घ्यावी असे ठरवले. उपखंडातले आम्ही बहुतेक हनफीच.

म्हणूनच पाकिस्तानातले 'सफिया बानो' प्रकरण आम्हाला अस्वस्थ करते. फाशी झालेल्या एका कैद्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान 2012 मध्ये झाले. 2016 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, हा कायमचा आजार नाही, तो बरा होऊ शकतो, म्हणून कायद्याच्या व्याख्येतला मानसिक विकारच नव्हे, असे म्हटले! आधार घेतला तो भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1988 मधील एका निकालाचा. तो दावा होता घटस्फोटाचा. बायकोच्या आजारामुळे काडीमोड मिळावा की नाही, एवढाच तिथला प्रश्न. संसार मोडू नये म्हणून केलेला युक्तिवाद सीमेपलीकडे गळफासाच्या कामी आला. याच भारतीय न्यायालयाने 21 जानेवारी 2014 रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती आणि मनोरुग्णता हे त्यासाठी स्वतंत्र कारण मानले होते. 2019 मध्ये तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे फाशी रद्द झाली. त्या कैद्याचे नावही न्यायालयाने झाकले. निकालपत्रात तो नुसता 'आरोपी एक्स' आहे.

पाकिस्तानात त्या कैद्याची फाशी कशीबशी लांबत राहिली. अखेर 10 फेब्रुवारी 2021 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आपल्याच न्यायालयाची वाट बदलली. आपल्याला शिक्षा का होत आहे हेच ज्याला आजारामुळे उमजत नाही, त्याला फासावर चढवून न्याय साधत नाही, असा निर्णय दिला. प्रत्येक मनोविकाराला मात्र ही सवलत नाही, वैद्यकीय मंडळाने तपासायचे, हेही बजावले. आमच्या मते ही खबरदारी योग्यच आहे. ढोंग करणारेही असतातच.

त्या कैद्याबरोबर एका स्त्रीचीही फाशी जन्मठेपेत बदलली आणि दोघांना लाहोरच्या मनोरुग्णालयात हलवण्याचा आदेश झाला. तिला अटक झाली होती 1989 मध्ये, फाशी सुनावली गेली 1991 मध्ये. हजरत अलींची गाठ त्या बाईला वाटेतच पडली होती. हिला तीस वर्षे थांबावे लागले.