लेप्टोसेफॅलस : माशाचे नाव की अवस्थेचे?

मत्स्यशास्त्रावरील जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘लेप्टोसेफॅलस’ हा शब्द तिरक्या ठशात, पहिले अक्षर मोठे करून छापलेला आढळतो. प्रजातीचे नाव असेच छापतात. नव्या पुस्तकांत तोच शब्द सरळ ठशात आणि लहान अक्षराने येतो. आता ते कोणत्याही माशाचे नाव उरलेले नाही. ‘बेडूकमासा’ हा शब्द जसा बेडकाची एक अवस्था दाखवतो, तसा हा शब्द वामसदृश माशांची डिंभावस्था दाखवतो. ठशातला हा बदल व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक आणि ‘केफाली’ म्हणजे डोके. नाव अगदी वर्णनाबरहुकूम आहे. शरीर पानासारखे चपटे आणि काचेसारखे पारदर्शक, रक्तसुद्धा बिनरंगी, आणि एका टोकाला इवलेसे डोके. छापील कागदावर ठेवला तर आरपार अक्षरे वाचता येतात! असा एक मासा वेल्सच्या किनाऱ्याजवळ विल्यम मॉरिस यांना मिळाला होता. १७६३ साली ग्रोनोव्हियस या डच अभ्यासकाने त्याच्यासाठी ही नवी प्रजाती मांडली, आणि पुढे मॉरिस यांच्या नावावरून जातीला ‘मॉरिसाय’ म्हटले गेले. मग आणखी नमुने मिळत गेले आणि प्रत्येक वेगळ्या नमुन्यासाठी नवी जात नोंदवली जाऊ लागली. मेसिनाच्या सामुद्रधुनीतल्या अशाच एका नमुन्याला काउप यांनी १८५६ साली ‘ब्रेव्हिरोस्ट्रिस’ हे नाव दिले.

एक गोष्ट मात्र खटकत होती. यांपैकी एकाही माशाच्या पोटात पक्व अंडी सापडत नव्हती. १८६४ साली अमेरिकेतील थिओडोर गिल यांनी सुचवले, की ही सगळी काँगर व तत्सम वामींची पिल्ले असावीत. ब्रिटिश म्युझियममधील ग्युंथर यांना ते पटले नाही; वाढ खुंटलेले, विकृत डिंभ असे त्यांनी ठरवले. त्यांना हसण्याचे कारण नाही. पिल्लू वाढते, ही आपली साधी समजूत. इथे तर डिंभ रूप बदलताना चक्क आखूड होतो. युरोपीय वामीचा सुमारे साडेसात सेंटिमीटरचा डिंभ साधारण साडेसहा सेंटिमीटरची वाम बनतो. त्याचे दात गळतात, पानासारखे शरीर गोल होते. आपल्यापेक्षा लांब पिल्लाला कोण ओळखणार?

वाद मिटला तो टाकीतल्या पाण्यात. १८८६ साली फ्रान्समध्ये रॉस्कॉफ येथे इव्ह डलाज यांनी ‘मॉरिसाय’ पाळला आणि त्याचा काँगर होताना पाहिला. दहा वर्षांनी ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी ‘ब्रेव्हिरोस्ट्रिस’ म्हणजे युरोपच्या नद्यांतली वामच असल्याचे सिद्ध केले. त्यांना एका मोजणीची मदत झाली. आकार, दात, रंग सारे बदलते, पण शरीरावरील स्नायुखंडांची संख्या बदलत नाही आणि ती प्रौढ वामीच्या मणक्यांच्या संख्येशी जुळते. हीच मोजणी पुढे योहानेस श्मिट यांच्या उपयोगी पडली. अधिकाधिक लहान डिंभांचा माग काढत ते १९२० च्या दशकात सारगासो समुद्रापर्यंत पोचले.

आता नियमांचा पेच उभा राहिला. नामकरणात जुन्या नावाला अग्रक्रम मिळतो. ते पिल्लाला दिलेले असले तरी. त्यामुळे काही अमेरिकी ग्रंथांत प्रौढ काँगरचे शास्त्रीय नावच ‘लेप्टोसेफॅलस काँगर’ असे छापले गेले! म्हणजे बेडकाला ‘बेडूकमासा’ म्हणण्यासारखे झाले. अखेर १९२६ साली आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने नियम बाजूला ठेवून ‘काँगर’ हे प्रजातीनाम कायम केले.

तरीही सवय सुटायला वेळ लागला. १९३० साली ‘डॅना’ या डॅनिश जहाजाला दक्षिण आफ्रिकेजवळ १.८४ मीटर लांबीचा लेप्टोसेफॅलस मिळाला. डिंभ एवढा, तर प्रौढ केवढा? त्रैराशिक मांडून काहींनी थेट समुद्रसर्प गाठला. तशाच एका महाकाय नमुन्याला १९५९ साली ‘लेप्टोसेफॅलस जायगँटिअस’ हे नावही मिळाले. १९७० साली डेव्हिड स्मिथ यांनी दाखवले, की असे डिंभ खोल समुद्रातल्या नोटॅकँथस गटातील माशांचे आहेत आणि हे मासे रूपांतरानंतर फारसे वाढतच नाहीत.

प्रजातीचे पद गेले, पण शब्दाचे वजन उलट वाढले. १९६६ साली ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी ज्या माशांचे डिंभ लेप्टोसेफॅलस असतात, ते एका गटात आणले. त्यात वामींच्या शेजारी टारपन आला. दिसायला तो थोराड हेरिंगसारखा, वामीशी रूपाचा काहीच मेळ नाही. याउलट उदाहरण आपल्या नदीत आहे. कोकणच्या बाजारात येते ती समुद्रातली वाम या गटातली खरी. नदीत मिळणारी, पाठीवर काटे असलेली वाम लांबट आणि सापासारखीच, नावही तेच. पण तिच्या पिल्लांत लेप्टोसेफॅलस ही अवस्था नसते, आणि नात्याने ती समुद्रातल्या वामीपेक्षा मरळ माशाला जवळची आहे.