बारीची ती कंटाळवाणी फायनल

आधी एक कबुली देऊन टाकतो. १९९१ ची युरोपियन कपची फायनल मी पहिल्यांदा बघायला घेतली, तेव्हा चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास मला चक्क झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. तेव्हा जागा राहिलो, पण गोल काही झाला नाही. नव्वद मिनिटं, वर जादा वेळेची तीस, आणि गोलफलक शून्य-शून्य. तरीही गेले दोन महिने मी याच मोसमाचं वाचतोय. घरात आता कोणी मला "काय वाचतोयस?" म्हणून विचारत नाही :)

निमित्त झालं मोठ्या काकांच्या तिकिटांच्या अल्बमचं. घरच्या मंडळींना तो आठवत असेलच. (ज्यांनी त्यातली तिकिटं ढापली, त्यांना तर नक्कीच.) त्यात युगोस्लाव्हियाची चांगली दोन पानं आहेत. देशाचं नाव दोन लिप्यांत, कुठे टिटोंचा चेहरा, कुठे फुलं-पाखरं. आमच्या पिढीला तो देश म्हणजे नेहरू-टिटो-नासर, अलिप्त राष्ट्रं, आणि १९६१ ची बेलग्रेडची परिषद. इतिहासाच्या पेपरात हमखास येणारी टीप. अल्बम आता भाच्याकडे गेलाय. त्याने फोन करून विचारलं, "मामा, हा देश मला यादीत सापडत नाहीये. ही तिकिटं कुठे लावू?" उत्तर शोधता शोधता मी फुटबॉलपाशी कसा पोचलो ते विचारू नका. मी नेहमीच असा पोचतो.

तर १९९०-९१ चा मोसम. तेव्हाचा युरोपियन कप म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग नव्हे. प्रत्येक देशाचा विजेता, आणि पहिल्या फेरीपासून सरळ बाद पद्धत. एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या, हरलात की घरी. पुढच्याच वर्षी त्यात गट आले, १९९२ मध्ये नाव बदललं, आणि पैसा कुठच्या कुठे गेला. निव्वळ बाद फेऱ्यांची जुनी स्पर्धा हीच शेवटची.

आणि ही स्पर्धा खेळली जात असताना खालचा नकाशाच सरकत होता. सप्टेंबर १९९० मध्ये पहिली फेरी झाली, तेव्हा पूर्व जर्मनी नावाचा देश होता. ३ ऑक्टोबरला तो संपला. त्याचा विजेता डायनामो ड्रेस्डेन मात्र स्पर्धेत टिकून होता, म्हणजे क्लब जिवंत आणि देश गेलेला. उपांत्यपूर्व फेरीत त्यांची गाठ पडली रेड स्टार बेलग्रेडशी. बेलग्रेडमध्ये ड्रेस्डेन ०-३ हरलं. परतीच्या सामन्यात २० मार्च १९९१ ला १-२ ने मागे असताना ड्रेस्डेनच्याच प्रेक्षकांनी असा धुडगूस घातला, की सामना थांबवावा लागला आणि निकाल ३-० असा रेड स्टारच्या खात्यात जमा झाला. गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी तिकडे मार्सेयमध्येही एक सामना धड संपला नाही. मिलान, म्हणजे लागोपाठ दोन वर्षांचे विजेते, एका गोलने मागे होते. शेवटच्या मिनिटांत स्टेडियमचे काही दिवे गेले, ते पुन्हा लागले, पण मिलानच्या अधिकाऱ्यांनी संघाला खेळू देण्यास नकार दिला. तिथेही ३-०, आणि मिलानवर एक वर्षाची बंदी. इंग्लंडचा विजेता लिव्हरपूल तर हेझेलच्या दुर्घटनेनंतरच्या बंदीमुळे स्पर्धेतच नव्हता.

असो. मूळ विषय रेड स्टार.

हा संघ बघायचा तर बारीची फायनल बघू नका. त्याआधीची बायर्न म्युनिकविरुद्धची उपांत्य फेरी बघा. १० एप्रिलला म्युनिकमध्ये बायर्नने आधी गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर पान्चेवने बरोबरी केली, आणि उत्तरार्धात सावीचेविच असा काही पळत सुटला की जर्मन बचावपटू जागच्या जागी थिजलेले वाटतात. रेड स्टार २-१. दोन आठवड्यांनी बेलग्रेडमध्ये स्टेडियम खच्चून भरलेलं. (या स्टेडियमला लोक 'माराकाना' म्हणतात, ब्राझीलवरून.) मिहाइलोविचची फ्री किक गोलमध्ये गेली आणि सगळं सोपं वाटायला लागलं. मग पाच मिनिटांत बायर्नचे दोन गोल, एकूण ३-३. जादा वेळ समोर दिसत असताना शेवटच्या मिनिटाला मिहाइलोविचने डावीकडून चेंडू आत मारला, तो ऑगेन्थालरच्या पायाला लागून उंच उडाला, आणि गोलकीपर आउमानच्या हातांवरून हळूच जाळ्यात उतरला. स्वयंगोल. तोही ऑगेन्थालरचा, ज्याने त्याच दिवशी बायर्नचा पहिला गोल केला होता!

हा संघ कुठून कुठून गोळा झाला होता ते बघा. प्रोसिनेच्कीचा जन्म जर्मनीत, वडील क्रोएशियन, आई सर्ब. झाग्रेबच्या डिनामोने त्याला सोडून दिलं. हा फुटबॉलपटू झाला तर मी माझा डिप्लोमा खाईन, असं तिथले प्रशिक्षक म्हणाले होते म्हणे. (खाल्ल्याची नोंद नाही.) पान्चेव आणि नायदोस्की मॅसेडोनियाचे. सावीचेविच माँटेनेग्रोचा. शाबानाजोविच मुस्लिम कुटुंबातला, साराजेव्होच्या क्लबमधून आलेला. बेलोदेदिच तर रुमानियाचा, सीमेजवळच्या सर्ब वस्तीतला. १९८६ मध्ये स्टेआउआ बुखारेस्टकडून हाच कप जिंकलेला, आणि १९८८ मध्ये चाउशेस्कूच्या राज्यातून पळून बेलग्रेडला आलेला. आणि सिनिशा मिहाइलोविच. जन्म वुकोवारचा, वाढला शेजारच्या बोरोवोत, वडील सर्ब, आई क्रोएशियन.

बोरोवो हे नाव लक्षात ठेवा.

२४ एप्रिलला बायर्नला हरवलं. २ मे रोजी बोरोवो सेलो या गावात सर्ब सशस्त्र लोकांशी झालेल्या चकमकीत क्रोएशियाचे बारा पोलीस मारले गेले. ८ मे रोजी बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्ह कपची फायनल होती, समोर क्रोएशियातला हायदुक स्प्लिट. हायदुक १-० ने जिंकलं. सामन्यात मिहाइलोविच आणि हायदुकचा बचावपटू यांच्यात अशी जुंपली, की दोघांनाही लाल कार्ड मिळालं आणि पुढे वर्षानुवर्षं ती कटुता राहिली. तो बचावपटू आपल्याला चांगला माहीत आहे: इगोर स्टिमाच, २०१९ ते २०२४ भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक! त्या काळात टीव्हीवर त्यांना टचलाइनवर हातवारे करताना बघायचो, तेव्हा या माणसाच्या मागे काय काय आहे याचा मला पत्ताही नव्हता. २०१३ मध्ये क्रोएशिया आणि सर्बिया विश्वचषकाच्या पात्रता फेरीत समोरासमोर आले, तेव्हा एका बाकावर स्टिमाच प्रशिक्षक होते आणि दुसऱ्यावर मिहाइलोविच.

बोरोवोपासून बारीपर्यंत चारच आठवडे. मधे १९ मे ला क्रोएशियात स्वातंत्र्यासाठी सार्वमतही झालं. आपल्याकडे त्या दिवसांत दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. २१ मे ला राजीव गांधींची हत्या झाली होती.

२९ मे १९९१. इटलीच्या टाचेजवळचं बारी, समोर मार्सेय. पापाँ, वॉडल, अबेदी पेले. म्युनिकमध्ये वाऱ्यासारखा पळणारा रेड स्टार इथे आला आणि चेंडूला भ्यायल्यासारखा खेळला. मिहाइलोविचने नंतर सांगितलंय, की प्रशिक्षक पेत्रोविच यांनी सामन्याआधी बजावलं होतं: आपण चढाई केली तर ते उलटून मारतील, तेव्हा चेंडू मिळाला की परत त्यांनाच देऊन टाका. एकशेवीस मिनिटं त्यांनी तेच केलं. युरोपातल्या सगळ्यात देखण्या संघाने ठरवून केलेला कंटाळा. पहिल्यांदा मला याचा राग आला. आता तितका येत नाही. या पोरांकडे पुढचं वर्ष नव्हतं. 'पुढच्या वेळी बघू' असं ज्याला म्हणता येतं त्याने मोकळं खेळावं. (हे माझं मत. माझे फुटबॉलवेडे मित्र याला पळवाट म्हणतात.)

मार्सेयच्या बाकावर ड्रॅगन स्टोयकोविच होता. रेड स्टारचा लाडका, आदल्याच वर्षी फ्रान्सला गेलेला. जादा वेळेत त्याला उतरवलं, पण पेनल्टी घ्यायची वेळ आली तेव्हा आपल्या जुन्या क्लबविरुद्ध मारायला त्याने नकार दिला. वर्षभरापूर्वी १९९० च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्धच्या पेनल्ट्यांमध्ये याच स्टोयकोविचचा फटका आडव्या दांड्यावर आदळला होता आणि युगोस्लाव्हिया बाहेर पडला होता.

मार्सेयच्या आमोरोसची पहिलीच पेनल्टी कर्णधार स्टोयानोविचने अडवली. रेड स्टारकडून मारणारे पाच: प्रोसिनेच्की, बिनिच, बेलोदेदिच, मिहाइलोविच, पान्चेव. पाचही आत. ५-३. ती पाच नावं पुन्हा एकदा वाचा आणि वर सांगितलेली त्यांची गावं आठवा.

इथे एक मोह होतो, आणि मलाही झाला. "बघा, सगळे मिळून युरोप जिंकले. यांना एकत्र राहता येत होतं, राजकारण्यांनी वाट लावली." मी या लेखाचा पहिला खर्डा अगदी याच सुरात लिहिला होता आणि पुसून टाकला. कारण मैदानावरून नजर उचलून प्रेक्षकांत बघितलं की गोष्ट बदलते. १३ मे १९९० ला झाग्रेबमध्ये डिनामो-रेड स्टार सामना सुरूच होऊ शकला नव्हता. प्रेक्षकांची तुंबळ मारामारी झाली आणि डिनामोच्या बोबानने पोलिसाला लाथ घातली, ती टीव्हीवर सगळ्यांनी बघितली. बेलग्रेडहून आलेल्या कट्टर समर्थकांचा म्होरक्या होता झेल्को राझ्नातोविच, ऊर्फ अर्कान. पुढच्या पाच महिन्यांत त्याने एक सशस्त्र टोळी उभी केली, आणि तिचे बरेच लोक रेड स्टारच्या त्याच स्टँडमधले होते. १९९१ मध्ये ती टोळी वुकोवारच्या परिसरात लढली, १९९२ मध्ये बोस्नियात. म्हणजे पान्चेव-प्रोसिनेच्कीच्या गोलांवर एकमेकांना मिठ्या मारणाऱ्यांतलेच काहीजण थोड्याच दिवसांत बंदुका घेऊन निघाले. मैदानावरचं एकत्र राहणं खरं होतं, पण त्याला टाळ्या वाजवणारे सगळेच त्यासाठी वाजवत नव्हते.

आणि मिहाइलोविचचं काय करायचं तेही मला कळत नाही. आई क्रोएशियन, युद्धात बोरोवोतलं घर उद्ध्वस्त झालेलं. आणि २००० मध्ये बेलग्रेडमध्ये अर्कानला गोळ्या घातल्या, तेव्हा हाच त्याच्यासाठी श्रद्धांजली छापतो. त्यावरून इटलीत मोठा गदारोळ झाला होता. २०२२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. त्याला एका रकान्यात बसवणं मला जमलेलं नाही.

फायनलनंतर सत्ताविसाव्या दिवशी, २५ जूनला, स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. (स्लोव्हेनियाचा कोणी बारीत खेळला नव्हता, हेही सांगायला हवं.) प्रोसिनेच्की त्याच उन्हाळ्यात रेआल माद्रिदला गेला. १८ नोव्हेंबरला वुकोवार पडलं. १९ नोव्हेंबरला रेड स्टार मँचेस्टरमध्ये युनायटेडविरुद्ध सुपर कप खेळत होता. तो दोन सामन्यांचा असायचा, पण युद्धामुळे बेलग्रेडला जायला नको म्हणून एकच झाला आणि १-० ने गेला. डिसेंबरमध्ये टोकियोत चिलीच्या कोलो-कोलोला ३-० हरवून ते जगज्जेतेही झाले. त्या मोसमात त्यांचे 'घरचे' युरोपियन सामने हंगेरीत आणि बल्गेरियात व्हायचे. मग १९९२ च्या उन्हाळ्यात सावीचेविच मिलानला, पान्चेव इंटरला, मिहाइलोविच रोमाला, बेलोदेदिच व्हॅलेन्सियाला. त्याच उन्हाळ्यात युगोस्लाव्हियाला निर्बंधांमुळे युरो स्पर्धेतून काढलं, ऐन वेळी बोलावलेला डेन्मार्क आला आणि कप घेऊन गेला. ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

भाच्याला मी सांगितलं, सहा वेगळी पानं कर आणि तिकिटं वाटून टाक. तो म्हणाला, "पण मामा, कुठलं तिकीट कोणाचं ते कसं ठरवायचं? सगळ्यांवर एकच नाव आहे." सध्या ती एका पाकिटात आहेत.