शिकाऱ्यांचा कडा आणि राखणदाराची वही

#थ्रेड #इतिहास

१/ अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. शरद ऋतूत वारा तिच्यावर आदळून वर चढतो आणि दक्षिणेकडे स्थलांतर करणारे ससाणे, शिकरे, गरुड त्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगत जातात. एका कड्यावरून तर ते अगदी जवळून दिसतात.

२/ ही जवळीकच त्यांच्या मुळावर आली. शिकारी पक्षी म्हणजे उपद्रवी जीव, असा त्या काळचा सर्वमान्य समज. १९२९ मध्ये राज्याने ‘गॉसहॉक’ या मोठ्या शिकारी पक्ष्यामागे ५ डॉलरचे बक्षीस लावले. महामंदीच्या दिवसांत ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. कड्यावर बंदुका घेऊन बसलेले लोक मात्र जात पाहत नसत. समोरून जाईल तो पक्षी पडे.

३/ १९३२ मध्ये रिचर्ड पो या तरुणाने तेथील मृत पक्षी गोळा केले, जमिनीवर ओळीने मांडले आणि त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे ती न्यूयॉर्कच्या रोझली एज यांच्यापर्यंत पोहोचली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या या बाईंनी १९३४ मध्ये सुमारे १,४०० एकरांचा तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला! (पुढे विकतही घेतला.) राखणदार म्हणून मॉरिस ब्राउन आले. हेच ‘हॉक माउंटन’, शिकारी पक्ष्यांसाठीचे जगातील पहिले अभयारण्य.

४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ब्राउन यांची वही अधिक मोलाची वाटावी. बंदूकवाले परतले की ब्राउन कड्यावर बसून जाणारे पक्षी मोजत. दुसऱ्या महायुद्धातील खंड सोडला, तर ही मोजणी वर्षानुवर्षे चालली. ‘बाल्ड ईगल’ या गरुडाचे डोके पांढरे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. तोवर तो तपकिरीच असतो. त्यामुळे प्रौढ किती आणि पिल्ले किती, याचीही नोंद आपोआप होत गेली.

५/ १९६२ मध्ये रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये हीच नोंद पुरावा म्हणून मांडली. १९३५-३९ मध्ये दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के कोवळे होते. १९५५-५९ मध्ये २० टक्के. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू! मधल्या काळात डीडीटीची फवारणी सर्वत्र सुरू झाली होती.

६/ प्रौढ गरुड दिसत होते, म्हणून ऱ्हास सहजी ध्यानात येत नव्हता. नवी पिढीच येत नव्हती, हे जुन्या पानांशिवाय कळले नसते.

७/ कारणाचा दुवा ब्रिटनमध्ये मिळाला. डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्राहकांनी जमवलेली बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासली आणि १९६७ मध्ये दाखवून दिले की, डीडीटीच्या आगमनानंतर कवचे पातळ झाली आहेत. अशी अंडी घरट्यातच फुटत. छंदापायी घरटी लुटणाऱ्यांचा संग्रह असा कामी आला.

८/ अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतील डीडीटीवर बंदी घातली. हॉक माउंटनवर दर शरदात मोजणी अजूनही चालते.