आवाजाची चाहूल आणि आवाजाचे मोजमाप

विज्ञान प्रदर्शनांत टाळी वाजवताच पेटणारा दिवा आणि वर्गातील गोंगाट दाखवणारा फलक हे दोन प्रकल्प हमखास आढळतात. दोन्हींत ध्वनिसंवेदक असतो. मात्र पहिल्याला आवाजाची चाहूल पुरते, दुसऱ्याला आवाज मोजावा लागतो. हा भेद ध्यानात न घेतल्यास फलकावर आकडे उमटतात, पण त्यांना अर्थ उरत नाही.

मायक्रोफोनचे अंतरंग

अशा प्रकल्पांतील लहान, डबीसारखा मायक्रोफोन बहुधा इलेक्ट्रेट प्रकारचा असतो. बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये तो विकसित केला. ध्वनिलहरींनी आतील पातळ पडदा कंप पावतो. पडद्यावर किंवा त्यामागील पट्टीवर कायमचा विद्युतभार असल्याने दोहोंतील अंतर बदलताच विद्युतसंकेत निर्माण होतो. साध्या बोलण्याने मिळणारा हा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो. आर्डुइनो उनो ५ व्होल्टची विभागणी १,०२४ पायऱ्यांत करतो. म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. साहजिकच अॅम्प्लिफायर नसेल, तर बोलणे एक-दोन पायऱ्यांतच हरवते.

कोणते मॉड्यूल कशासाठी?

*एलएम ३९३ असलेले स्वस्त मॉड्यूल:* यातील कंपॅरेटर आवाजाने ठरावीक मर्यादा ओलांडली की नाही, एवढेच सांगतो. शांततेत मॉड्यूलवरील दिवा जेमतेम विझेल इथवर पोटेन्शिओमीटर फिरवावा. एका टाळीचे अनेक संकेत मिळतात. म्हणून पहिल्या संकेतानंतर सुमारे २०० मिलिसेकंद प्रोग्रामने इतर संकेतांकडे दुर्लक्ष करावे. रिलेची टिकटिकही टाळी समजली जाऊ शकते. त्यामुळे तो मायक्रोफोनपासून दूर बसवावा.

*मॅक्स ४४६६:* यात अॅम्प्लिफायर असून संकेत २५ ते १२५ पट वाढवता येतो. गोंगाटाच्या फलकासाठी हे योग्य.

*मॅक्स ९८१४:* हे मंद आवाज आपोआप वाढवते व मोठा आवाज दाबते. ध्वनिमुद्रणाला हा गुण, मोजमापाला मात्र तोच दोष ठरतो.

*आयएनएमपी ४४१:* डिजिटल मायक्रोफोन. ईएसपी ३२ सोबत उत्तम चालतो. त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत, ५ व्होल्ट नव्हे.

वाचन घेण्याची रीत

मॅक्स ४४६६ चा संकेत पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजभोवती वरखाली होतो. त्यामुळे एकच वाचन निरुपयोगी. ५० मिलिसेकंद सलग वाचने घेऊन त्यांतील कमाल व किमान यांचा फरक काढावा. तोच आवाजाच्या तीव्रतेचा निदर्शक. मायक्रोफोनला आर्डुइनोच्या ५ व्होल्टऐवजी ३.३ व्होल्टचा पुरवठा दिल्यास खरखर सहसा कमी होते.

डेसिबलचा मोह

हा फरक म्हणजे डेसिबल नव्हे. डेसिबल हे लॉगरिदमवर आधारलेले माप आहे: ध्वनिदाब दुप्पट झाला की सुमारे ६ डेसिबलची वाढ, दहापट झाला की २० डेसिबलची. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी क्षेत्राच्या मर्यादा, म्हणजे दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल, मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार भार दिलेल्या व ठरावीक काळातील सरासरी पातळीच्या आहेत. टेबलावरचे मॉड्यूल आपणहून यांपैकी काहीच जाणत नाही.

रात्रीच्या ध्वनिक्षेपकांनी झोपमोड होणे आपल्याकडे नवे नाही. घरी बनवलेल्या यंत्राचा आकडा अशा तक्रारीत पुरावा म्हणून पुढे करणे मात्र उचित नाही. आकडा खोटा ठरला, तर खरी तक्रारही दुबळी होते. प्रमाणित ध्वनिमापक शेजारी ठेवून वेगवेगळ्या पातळ्यांवर वाचने जुळवून घेतली, तर यंत्र बऱ्यापैकी अंदाज देईल. तोवर फलकावर ‘डेसिबल’ न लिहिता ‘सापेक्ष पातळी’ लिहावे. गोंगाट कधी वाढला व किती वेळ टिकला याची नोंद मात्र हे यंत्र चोख ठेवू शकते. त्यासाठी केवळ पातळीचे आकडे साठवावेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे मुद्रित करू नये.