उसाच्या गावातील अग्निबाणाचे कवच

१/ इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात साखर कारखान्याभोवती वसवलेले गाव. पुढे येथेच इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी कवचे घडू लागली.

२/ पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर. त्यातील घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही. म्हणून कवचाची परीक्षा उड्डाणाआधीच होते : पोलादाची प्रत, वेल्डिंगची क्ष-किरण तपासणी, दाबाची चाचणी.

३/ ही केवळ औपचारिकता नव्हे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान ७३ सेकंदांत नष्ट झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. घन इंधनाच्या बूस्टरच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले होते.

४/ बूस्टर पुरवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच उड्डाणास विरोध केला होता. त्यांच्याच व्यवस्थापनाने तो डावलून संमती दिली.

५/ पीएसएलव्हीचा पहिला टप्पाही असाच खंड जोडून उभा राहतो. प्रक्षेपणाच्या तारखा आपण पाठ करतो. पण वालचंदनगरचा इतिहास लिहायचा, तर साखरेच्या हिशेबांबरोबर तपासणीचे दाखलेही वाचावे लागतील. कोणता भाग स्वीकारला, कोणता नाकारला आणि सही कोणाची, हे तेथेच कळते.