शब्द पोचवणारे हात

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या या ख्रिस्ती महाविद्यालयात तुम्ही सर्व वर्ग-मदतनीस म्हणून रुजू होत आहात.

तुमच्या कामाला इतिहास आहे. 1887 साली अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली; भारतातली ती पहिली मानली जाते. त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅन सलिव्हन ही वीस वर्षांची, स्वतः अधू दृष्टीची शिक्षिका हेलन केलरच्या घरी दाखल झाली.

पुढे 1900 मध्ये हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयात गेली. प्राध्यापक बोलत, आणि शेजारी बसलेल्या सलिव्हनबाई ते शब्द एकेक अक्षर करून तिच्या तळहातावर उमटवत. त्याआधी 1899 च्या प्रवेशपरीक्षेत मात्र प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्याची त्यांना परवानगी नव्हती. ती दुसऱ्या शिक्षकाने ब्रेलमध्ये उतरवून दिली. उत्तर नेमकं कोणाचं, हा प्रश्न मदतनिसाच्या मागे तेव्हापासून उभाच आहे.

1904 साली हेलन बी.ए. झाली. तेच वर्ग चार वर्षं ऐकलेल्या सलिव्हनबाईंना पदवी नव्हती.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही सांगत आलो, की माणसाला निव्वळ साधन समजू नये. म्हणजे मदतनीस हे कुणाचं यंत्र नव्हे. आणि विद्यार्थी हाही आपल्या पुण्याचं साधन नव्हे. तेव्हा शब्द त्याच्यापर्यंत नीट पोचवा. तो अडखळला तर थांबा. उत्तर त्याचं त्यालाच देऊ द्या.